केसांचा झाडू झालाय ताई, काय करू?

ऊन तापायला लागलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमधे एकच शब्द फिरत असतो, राठ. केस राठ झालेत, राठ लागतात, राठ दिसतात. या वेळी इतकी पत्रं आली की सगळी छापायची तर अंकच भरेल, म्हणून ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत. आपलं नाव नाही दिसलं तरी उत्तर बहुतेक सापडेल.

प्रश्न: ताई, माझे केस कमरेच्या थोडे वर येतात. एरवी ठीक असतात पण उन्हाळ्यात खालची टोकं अक्षरशः झाडू आणि मुळाशी मात्र चिकट तेलकट, घाम खूप येतो म्हणून रोज शॅम्पू करते, नाही केला तर वास येतो, केला तर अजून कोरडे. हेअर मास्क झाले, स्पा झाला, दोन दिवस बरं वाटतं की परत तेच. माझ्या केसांना नक्की कमी काय पडतंय?

उत्तर: कमी काहीच पडत नाहीये, हेच आधी डोक्यातून काढा. केस कातडीच्या बाहेर आला की तो मेलेलाच असतो, नखासारखा. जिवंत काय ते आत मुळाशी. त्यामुळे बाहेरच्या केसाला "पोषण" वगैरे काही मिळत नसतं, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

आता हिशोब करा. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. तुमचे समजा ५० सेंटीमीटर असतील तर टोकं झाली ४ वर्षांची. म्हणजे त्या टोकांनी चार उन्हाळे खाल्लेत, शेकडो वेळा शॅम्पू, हजारो वेळा कंगवा, उशीवरचं घासणं वेगळंच. आणि मुळाजवळचा केस गेल्या महिन्यातला, कोरा. एकाच डोक्यावर नवं कापड आणि चार वर्षं वापरलेलं कापड शिवलेलं आहे आणि तुम्ही दोन्ही एकाच पावडरीत धुताय, मग काय होणार.

केसाच्या बाहेरून कौलं असतात, घराच्या छपरावर असतात तशी एकावर एक, ६ ते १० थर. सगळ्यात वरच्या कौलावर एक चरबीचा पातळ थर रासायनिकरीत्या घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे केस गुळगुळीत लागतो आणि पाणी लगेच आत शिरत नाही. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण या चरबीला आणि आतल्या केराटीन प्रोटीनला दोघांनाही तोडतात. ब्लीच आणि कलर तर तो थर धुऊनच टाकतात. एकदा गेला की तो थर परत येत नाही, नवीन केस येईल तेव्हाच. मग कौलं उभी राहतात, केसाला केस अडकतो, गुंता होतो, चमक जाते. पाणी पटकन आत जातं आणि तितक्याच पटकन उडून जातं. यालाच आपण राठ म्हणतो.

तर उपाय खाऊ घालण्याचा नाही, झिजू न देण्याचा आहे. शॅम्पू फक्त डोक्याच्या कातडीला लावायचा, तळहातावर थोडं पाणी घालून पातळ करून, बोटांच्या पेरांनी चोळायचा. खालच्या केसांना मुद्दाम लावायचाच नाही, धुताना फेस खाली वाहत जातो तेवढा त्यांना पुरे. केस डोक्यावर गोळा करून कपडे धुतल्यासारखे चोळणं तर आजपासून बंद. कंडिशनर उलटा, कानाच्या खाली फक्त. यात एक गंमत आहे, झिजलेल्या केसावर विजेचा ऋण (मायनस) भार जास्त असतो आणि कंडिशनरमधले घटक धन (प्लस) भाराचे असतात, ते एकमेकांना ओढतात, त्यामुळे जिथे केस जास्त खराब तिथेच तो जास्त चिकटतो. तुमच्या मास्क आणि स्पाचंही तेच आहे, तो वरून बसलेला लेप असतो, दोन शॅम्पूत गेला. यात फसवणूक नाही, फक्त तो लेप दर वेळी साध्या कंडिशनरनेही बसतो.

रोजच्या घामासाठी रोज शॅम्पू लागतोच असं नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, ते साध्या पाण्याने जातं. एक दिवस शॅम्पू, एक दिवस नुसतं पाणी आणि टोकांना कंडिशनर असं करून बघा. ज्यांची कातडी खूप तेलकट आहे त्यांनी रोज सौम्य शॅम्पू केला तरी चालतं, पण फक्त मुळांना. आणि "सल्फेट फ्री" लिहिलंय म्हणजे सौम्य असेलच असं समजू नका, धुतल्यावर केस करकर वाजले तर तो तुमच्यासाठी कडक आहे, लेबल काही का म्हणेना.

प्रश्न: आमच्याकडे दोन तट पडलेत. एकीकडे म्हणतात तेल लावून उन्हात गेलं की केस तळले जातात, दुसरीकडे म्हणतात तेल लावूनच जा, ऊन लागत नाही. खरं काय? आणि तेल कोणतं?

उत्तर: दोघंही थोडे थोडे चुकलेत. केस तळायला जेवढं तापमान लागतं तेवढं उन्हात होत नाही, तितकं झालं तर केसांच्या आधी आपण संपू. पण तेल म्हणजे सनस्क्रीनही नाही. ऊन अडवायला टोपी, स्कार्फ, छत्री यांच्याइतकं काहीच चांगलं नाही आणि तेल लावून बाहेर गेलात तर धूळ मात्र मस्त चिकटते.

तेलाचा खरा उपयोग धुण्याच्या आधी. ओला झाला की केस फुगतो, वाळला की आकसतो, असं सारखं होऊन कौलं सैल पडतात आणि धुताना थोडं थोडं प्रोटीन बाहेर जातं. खोबरेल तेलातलं लॉरिक ॲसिड लहान आणि सरळ आकाराचं असल्याने केसाच्या आत शिरू शकतं, मग पाणी कमी आत येतं. २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल (खनिज तेलापासून काढलेलं) अशी तिघांची तुलना प्रसिद्ध झाली होती, त्यात प्रोटीनची गळती फक्त खोबरेल तेलाने कमी झाली. मिनरल ऑइल वाईट नाही, फक्त वरवर बसतं, चमक देतं.

म्हणून धुण्याच्या आधी किंवा आदल्या रात्री, लांबीला आणि टोकांना थोडं तेल. थोडं म्हणजे थोडं, निथळेपर्यंत नाही. नाहीतर ते काढायला दोनदा शॅम्पू करायचा आणि मग परत कोरडे झाले म्हणून परत तेल, या चक्रात मी कित्येक जणींना वर्षानुवर्षं फिरताना बघितलंय. कोंडा असेल तर मुळांना तेल नको, ते पुढे येतंच आहे.

प्रश्न: केस गळतायत की तुटतायत कसं ओळखायचं? कंगव्यात खूप येतात.

उत्तर: आलेला केस उचला आणि टोक बघा. एका टोकाला छोटीशी पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून सुटलाय. दिवसाला ५० ते १०० असे केस जाणं नेहमीचं आहे, आणि दोन दिवसांनी एकदा विंचरत असाल तर दोन दिवसांचे एकदम दिसणार, घाबरू नका. गाठ नाही, तुकडे लहान मोठे आहेत, तर ते तुटलेत. उन्हाळ्यातल्या राठपणाने केस तुटतो, मुळापासून गळत नाही. तेव्हा गळतीवरचे तेल नि सिरम तुटण्यावर लावून पैसे घालवू नका.

गाठ असलेले केसच ढिगाने जात असतील तर दोन तीन महिने मागे जाऊन आठवा. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, असं काही झालं असेल तर त्याची गळती इतक्या उशिराने सुरू होते आणि बहुतेक वेळा आपोआप थांबते. आणि केस एकाएकी राठ झाले, सोबत थकवा, वजन वाढतंय, थंडी सहन होत नाही, पाळी बिघडली, तर डॉक्टरकडे जाऊन थायरॉईड आणि रक्तातलं लोह तपासून घ्या, तिथे कंडिशनर काही करू शकत नाही.

प्रश्न: ताई मी १६ वर्षांची आहे. रोज एक तास पोहायला जाते. केस खराट्यासारखे झालेत आणि माझ्या मैत्रिणीने केस हायलाईट केलेत तर तिचे चक्क हिरवट दिसायला लागलेत!! क्लोरीनमुळे ना? पोहणं सोडायचं नाहीये.

उत्तर: अजिबात सोडू नकोस गं. कोरडा केस स्पंज असतो, पाण्यात उतरलीस की पहिलं जे पाणी मिळेल ते पिऊन टाकतो. मग ते पहिलं पाणी तूच दे. आत उतरायच्या आधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने पूर्ण भिजव, त्यावर थोडं कंडिशनर किंवा तेल चोळ, केस बांध आणि वरून टोपी घाल. टोपीतही पाणी शिरतंच, कोणी कितीही सांगो, म्हणून आधी भिजवणं महत्त्वाचं, आणि टोपीखालून कंडिशनर गळून पाण्यात उतरेल इतकं थापू नकोस. बाहेर आल्यावर लगेच धुवायचं, ओल्या केसांनी तासभर गप्पा मारत उन्हात उभं राहायचं नाही. ते पोहून झाल्यावरचं गप्पा मारणं मला चांगलं माहितीये.

हिरवट रंग क्लोरीनचा नाही बरं का, तो तांब्याचा. पाण्यात तांब्याचा अंश असतो, पाइपातून किंवा शेवाळ मारायच्या औषधातून येतो, तो केसांवर बसतो. काळ्या केसांवर दिसत नाही, ब्लीच केलेल्यांवर दिसतो. मैत्रिणीला सांग, केसांवर बसलेले धातू काढणारा चिलेटिंग किंवा क्लॅरिफाइंग शॅम्पू मिळतो, घटकांमधे ईडीटीए लिहिलेलं असतं, तो अधूनमधून वापरायचा, रोज नाही, कारण तो केस चांगलेच कोरडे करतो. लगेच वर कंडिशनर.

घरात बोअरचं जड पाणी असेल त्यांनाही हेच लागू. साबणाचा फेस होत नाही, नळावर पांढरे डाग पडतात, असं पाणी असेल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं आणि कितीही धुतले तरी केस धुतल्यासारखे वाटत नाहीत.

प्रश्न: फाटे फुटलेले केस जोडणारं सिरम असतं का?

उत्तर: नाही. दोन धागे तात्पुरते चिकटवणारं असतं, पुढच्या धुण्यात सुटतात. कापा. अर्धा इंच कापलं तर काही बिघडत नाही, नाही कापलं तर फाटा वर चढत जातो आणि मग चार इंच कापावं लागतं.

प्रश्न: डोकं खाजतं, पांढरे कण पडतात. मला वाटलं उन्हाने स्काल्प कोरडं झालं म्हणून भरपूर तेल लावलं तर अजूनच वाढलं.

उत्तर: वाढणारच होतं. कण बारीक, पांढरे, कोरडे आणि चेहऱ्याची हातापायाची कातडीही ओढल्यासारखी वाटत असेल तर तो कोरडेपणा असू शकतो. कण मोठे, जरा पिवळट, तेलकट, चिकटून बसणारे, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही दिसणारे असतील तर तो कोंडा. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, ती तेलावर जगते, काही जणांच्या कातडीला तिचा त्रास होतो. तुम्ही तिला पंगत वाढलीत.

केटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शॅम्पू आणा, आठवड्यातून दोनदा, आणि लावून ३ ते ५ मिनिटं ठेवा. हे ठेवणं कोणी करत नाही, लावला की लगेच धुतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही. फक्त कातडीला लावा, लांबीला कंडिशनर वेगळा. महिनाभरात फरक नाही, किंवा जाड खपल्या, रक्त, टक्कल पडल्यासारखे चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञ.

प्रश्न: मी ६८ वर्षांचा आहे. केस पूर्ण पांढरे. सकाळी दोन तास बागकाम करतो. पांढरे केस पिवळे पडू लागलेत आणि तारेसारखे ताठ. हा प्रश्न फक्त बायकांनीच विचारायचा असतो का?

उत्तर: अजिबात नाही काका, उलट तुमचंच पत्र वाचून मजा आली. काळ्या केसांतलं मेलॅनिन ऊन थोडं तरी स्वतःवर घेतं. पांढऱ्या केसांत ते नाही, त्यामुळे ऊन सरळ प्रोटीनवर पडतं, त्यातून पिवळेपणा येतो. कडा असलेली मोठी टोपी हा पहिला उपाय, कापडाची, हवा खेळेल अशी. पिवळेपणासाठी जांभळा शॅम्पू मिळतो, जांभळा रंग पिवळ्याला मारतो एवढंच त्यातलं शास्त्र. आठवड्यातून एकदा पुरे, जास्त ठेवलात तर केस जांभळट होतील आणि मग घरात चेष्टा होईल. आणि कंडिशनर लावा, तो बायकांचा नसतो, तारा मऊ होतील.

वर केस विरळ असतील तर टोपी नसताना डोक्यालाही सनस्क्रीन लावायचं, एसपीएफ ३० किंवा जास्त. भांगालाही लावायचं, हे बायकांनाही सांगते, भांगाची कातडी सगळ्यात आधी भाजते आणि आठवड्याने सालं निघतात, त्याला आपण कोंडा समजतो. मात्र केसांच्या स्प्रेवर "एसपीएफ" लिहिलेलं वाचून हुरळून जाऊ नका, एसपीएफ हे माप कातडी लाल होण्यावरून काढलेलं आहे, केस लाल होत नाहीत.

प्रश्न: ड्रायर वाईट म्हणून मी केस ओलेच बांधते, दिवसभर आत ओले राहतात. बरोबर आहे ना?

उत्तर: नाही ना. ओला केस कमजोर असतो, ताणला की रबरासारखा लांबतो आणि ताणून बांधला की तसाच तुटतो. शिवाय आत दमट राहिलं की वास, खाज. आणि ड्रायर तेवढा खलनायक नाही, २०११ मधे कोरियात झालेल्या एका अभ्यासात १५ सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत वाळवलेल्या केसांचं एकूण नुकसान आपोआप वाळलेल्या केसांपेक्षा कमी निघालं, कारण बराच वेळ ओलं राहिल्यानेही केसाच्या आतला थर बिघडतो. जवळ धरला, जास्त गरम केला तर मात्र वरची कौलं जातात. त्यामुळे मऊ जुन्या टीशर्टमधे केस दाबून पाणी टिपा, टॉवेलने खसाखसा पुसू नका, बरेचसे वाळू द्या, मग कोमट हवा, मग बांधा, सैल. स्ट्रेटनर ओल्या केसांवर कधीच नाही, आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात, खरंच होतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

प्रश्न: सगळे म्हणतात ओले केस विंचरू नका, पण माझे दाट कुरळे आहेत, वाळल्यावर विंचरले तर फुलकोबी होते. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

उत्तर: तो नियम सरळ केसांसाठी आहे, तुम्ही सोडून द्या. कुरळ्या केसाला जागोजागी वळण असतं, डोक्यातलं नैसर्गिक तेल घसरत टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून तो मुळातच कोरडा. तुम्ही ओलेच विंचरा, पण कंडिशनर लावलेला असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी, टोकाकडून सुरुवात करत वर. वाळल्यावर कंगव्याला हातच लावायचा नाही. कंडिशनर पूर्ण खळखळून न धुता थोडा निसरडेपणा राहू द्या. लीव्ह इन, म्हणजे न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर, लावायचं ते केस ओले असतानाच, कोरड्यावर लावलं तर नुसतं चिकट.

प्रश्न: लिंबू, अंडं, खाण्याचा सोडा, यातलं राठ केसांना काय चांगलं? घरगुती आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही ना?

उत्तर: "घरगुती म्हणजे निर्धोक" हे कुठून आलं कोण जाणे. कॉलेजात असताना मी केसांना लिंबू चोळून गच्चीवर उन्हात बसले होते, रंग उजळतो म्हणून. उजळला, आणि सोबत गवत झालं. कातडीवर लिंबाचा रस आणि वर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहू शकतात, तेव्हा उन्हाळ्यात तर नकोच. सोडा अल्कधर्मी, आपली डोक्याची कातडी साधारण ५.५ पीएचची, केस त्याहून आम्ल. सोड्याने कौलं उघडतात, अंगाच्या साबणानेही तेच होतं. अंड्यातलं प्रोटीन इतकं मोठं असतं की केसात शिरत नाही, वर बसतं आणि धुतलं की जातं, गरम पाण्याने धुतलंत तर डोक्यावरच ऑम्लेट, ते दाणे काढायला संध्याकाळ जाते.

प्रश्न: बायोटिनच्या गोळ्या आणि दिवसाला चार लिटर पाणी सुरू केलंय. किती दिवसांत केस मऊ होतील? आणि नाहीच झाले तर स्मूदनिंग करून टाकू का?

उत्तर: पाणी तहानेला प्या, उन्हाळ्यात जास्त लागतंच, पण प्यालेलं पाणी वाढलेल्या केसात जात नाही, तिथपर्यंत नळच नाहीये. बायोटिन हे एक बी जीवनसत्त्व, त्याची कमतरता फार क्वचित असते, आणि गोळ्या चालू असतील तर रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना जरूर सांगा, जास्त डोसमधे थायरॉईड आणि हार्ट अटॅकच्या काही टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

स्मूदनिंगबद्दल विचाराल तर आधीच झिजलेल्या केसांवर मी तरी नाही करणार. काही ट्रीटमेंटमधे गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो, आणि "फॉर्मल्डिहाइड फ्री" म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींमधे ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं, त्यानंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. करायचंच ठरलं असेल तर बाटलीवरचे घटक स्वतः वाचा, कोणी बाटली दाखवायला टाळाटाळ केली तर खुर्चीतून उठा. त्यापेक्षा दोन इंच कापून या, खालचा जुना भाग गेला की तसेही निम्मे मऊ वाटतील.